'जॉब रिजेक्टेड' म्हणजे नोकरी गेली असं नाही

पत्र : ताई, मी निफाड तालुक्यातला. घरी द्राक्षबाग आहे. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलो, मग आयटीआय केलं, टर्नर ट्रेड, म्हणजे लेथ मशीनवरचं काम. आता नाशिकच्या अंबडला एका कंपनीत अप्रेंटिस आहे. मागच्या महिन्यात शिफ्ट संपताना मशीनवर सुपरवायझर साहेबांची चिठ्ठी होती. साहेब दक्षिणेकडचे, मराठी येत नाही, आणि ते निघून गेले होते. चिठ्ठीत इंग्रजीत लिहिलं होतं : 'प्ले इन सेंटर. रन-आउट ०.०८. जॉब रिजेक्टेड. सी मी टुमॉरो.' मला वाटलं, मला काढलं. घरी जाऊन आईला सांगितलं, जॉब गेला. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. दुपारी सोबतच्या पोराचा फोन आला तेव्हा कळलं, जॉब म्हणजे मशीनवरचा तुकडा. आता कॅन्टीनमध्ये मला 'रन-आउट' म्हणून हाक मारतात. मी खिशात मावणारी डिक्शनरी घेतली, रोज रात्री वीस शब्द पाठ करतो. पण 'सेट' काढला तर अर्थ संपेचनात. 'रन' तसाच. 'फाइल' काढला तर कानस पण आणि कागदाची फाइल पण. पाठ केलेला अर्थ कंपनीत कधीच जुळत नाही. माझं डोकंच कमी आहे का? कोणतं पुस्तक पाठ करू?

उत्तर :

पस्तीस वर्षं नाशिकरोडला शाळेत इंग्रजी शिकवलं. तुझ्या वयाची कितीतरी मुलं हाताखालून गेली, म्हणून तुला अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र वाचताना मला चिठ्ठीपेक्षा ती रात्र दिसली. निफाडच्या बसमध्ये खिडकीशी बसून 'आता घरी काय सांगू' म्हणत आलेला मुलगा, आणि 'जॉब गेला' ऐकून भाकरी थापता थापता थांबलेली आई. चार ओळींची चिठ्ठी, त्यातल्या शब्दांचे तुला माहीत असलेले सगळे अर्थ खरे, आणि तरी सगळं चुकलं. हे डोकं कमी असण्याचं लक्षण नाही. शब्दांचा एकच अर्थ सांगून आम्ही शिक्षकांनी तुला तसंच पुढं पाठवलं. 'प्ले म्हणजे खेळणे, जॉब म्हणजे नोकरी', फळ्यावर बरोबरचं चिन्ह काढून असं लिहिताना माझाही खडू कधी थांबला नाही. ती चूक आमची आहे.

आता तुझं डोकं कसं चालतं ते बघू. सीबीएसवर कुणी ओरडलं, 'निफाड बस लागली', तर तू पिशवी उचलून पळतोस. त्याच बसमध्ये चांदोरीच्या पुढं एखादी बाई म्हणाली, 'पोराला बस लागते हो', तर तू खिडकीची जागा सोडतोस. शब्द तेच, 'बस' आणि 'लागणे', पण तू गोंधळत नाहीस. बोअरला पाणी लागतं, दहावीचा निकाल लागतो, पायाला ठेच लागते, मुलीचं लग्न लागतं, वरण बुडाला लागतं, बाजूच्या मळ्यातला दादा नात्यानं मामा लागतो, आणि पाऊस असला की घरी पोचायला दोन तास लागतात. हे तू कोणत्या पुस्तकातून पाठ केलंस? १८३१ साली मोल्सवर्थ नावाच्या इंग्रजानं आपल्या भाषेचा मोठा कोश छापला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. त्यालाही आपलं 'लागणे' सुटं सुटं करून मांडावं लागलं होतं. तुला ते आईच्या मांडीवर आलं, कारण तुला 'लागणे' हा शब्द एकटा कुणी दिलाच नाही. भूक लागली, ऊन लागलं, असा जोडीनंच आला.

इंग्रजी शब्द मात्र तुला एकटे मिळाले. सगळी अडचण एवढीच आहे. पाठांतर वाढवून ती सुटायची नाही.

तुझी चिठ्ठीच घेऊ या. एकेक शब्द बघ, कारण तुझ्या कामाचे निम्मे शब्द याच चालीचे आहेत.

'प्ले'. तुला खेळ माहीत होता, तो अर्थ टाकून देऊ नकोस, त्याच्यातच उत्तर आहे. आपण म्हणतो, खोलीत हवा खेळती आहे. दुकानदार म्हणतो, खेळतं भांडवल नाही. इथं कुणी चेंडू खेळत नाही. जे अडकलेलं नाही, इकडून तिकडं हलू शकतं, ते खेळतं. बेअरिंगमध्ये प्ले आहे म्हणजे ते नको तेवढं खेळतंय, ढिलं झालंय. इंग्रजांच्या आणि आपल्या मनात अगदी एकच चित्र आहे. फक्त हवा आणि भांडवल खेळतं ते आपल्याला चालतं, बेअरिंग खेळलं तर जॉब वाया जातो.

'सेंटर' म्हणजे लेथच्या टोकाकडच्या टेलस्टॉकला लावतात तो, जॉबला आधार देणारा टोकदार सेंटर, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. त्यात डेड सेंटर आणि लाइव्ह सेंटर असे दोन असतात. मेलेला आणि जिवंत असं भाषांतर केलंस तर हातात काही येत नाही. शाळेच्या ऑफिसात एक जाडी वही असायची, 'जडसंग्रह नोंदवही'. बाकं, कपाटं, घंटा, जे एकदा आणलं आणि तिथंच राहिलं त्याची नोंद. इंग्रजीत ती डेड स्टॉकची वही. ज्यानं मराठी नाव दिलं त्यानं 'मृत' लिहिलं नाही, 'जड' लिहिलं, आणि अचूक लिहिलं. डेड म्हणजे जे हलत नाही ते. जो जॉबबरोबर फिरत नाही तो डेड सेंटर, फिरतो तो लाइव्ह. रस्त्याच्या कामापाशी 'डेड स्लो'ची पाटी असते, तिथंही गाडी जवळजवळ हलू नये एवढंच म्हणणं असतं. आता चिठ्ठीकडं परत ये. डेड सेंटरला बेअरिंगच नसतं, मग प्ले कुठून येणार? म्हणजे साहेब तुझ्या लाइव्ह सेंटरबद्दल, त्याच्या आतल्या बेअरिंगबद्दल बोलत होते. तीन शब्दांच्या ओळीतून एवढं निघतं.

'रन-आउट'. क्रिकेटनं हा शब्द आधीच बळकावून ठेवलाय, तुझा दोष नाही. पण तुमच्याकडं म्हणतात ना, 'जॉब ट्रू कर'? ट्रू म्हणजे खरा हे शाळेत शिकलास. सुतार दाराची चौकट लावताना म्हणतो, 'गुण्यात आहे'. गुण्याला लावून पाहिलं आणि कोन बरोबर निघाला, म्हणजे चौकट खरी. फिरता जॉब आपल्या आसाभोवती खरा फिरला तर तो ट्रू चालतोय. त्या खऱ्या वाटेवरून बाहेर पळाला, लडबडला, तर तेवढा रन-आउट. पुढचा ०.०८ हा त्या बाहेर पळण्याचा आकडा आहे, मिलिमीटरमध्ये.

आणि 'जॉब'. हे तुला मुद्दाम सांगते, कॅन्टीनमध्येही सांग. साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्रजीत हा शब्द दिसायला लागला तेव्हा त्याचा अर्थ कामाचा एक तुकडा, सुटं एक काम, असाच होता. पगाराची कायम नोकरी हा अर्थ पुष्कळ नंतर आला. म्हणजे तुझ्या चकमध्ये, मशीनच्या फिरत्या पकडीत, धरलेला लोखंडाचा तुकडा हा जुना जॉब, आणि तू आईला सांगितलास तो नवा. आपल्या 'काम' शब्दाचं तेच आहे. 'त्याचं काम सुटलं' म्हणजे नोकरी गेली, 'काम बिघडलं' म्हणजे हातातली वस्तू बिघडली. चिठ्ठीत 'काम बिघडलं' लिहिलं होतं, तू 'काम सुटलं' वाचलंस.

'सी मी टुमॉरो' म्हणजे उद्या मला भेट, यात धमकी काही नव्हती.

आता तुझ्या डिक्शनरीतल्या गोंधळाकडं येते. एकाच शब्दाला पुष्कळ अर्थ असतात ते दोन तऱ्हांनी, आणि या दोन तऱ्हा वेगळ्या ओळखल्यास तर ओझं बरंच हलकं होईल.

पहिली तऱ्हा प्रेससारखी. माझे वडील प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला हे वाक्य बोललं की पुढं काही विचारायची गरज नसते. १९२८ पासून इथं नोटा छापतात, शेजारच्या प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं, स्टॅम्पपेपर. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची, ते सगळे 'प्रेसवाले'. मी शिकायला पुण्याला गेले, तिथं मैत्रिणीला म्हटलं, वडील प्रेसमध्ये आहेत. तिनं डोळे मोठे करून विचारलं, कोणत्या पेपरमध्ये? आणि तिच्या घराच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची हातगाडी होती, तिच्यावर रंगानं लिहिलेलं, 'प्रेस'. तुझ्या कंपनीत पॉवर प्रेस असेल, आणि बेअरिंग हाउसिंगमध्ये घट्ट बसवतात त्याला प्रेस फिट म्हणत असतील. नोट, बातमी, शर्ट, पत्रा, बेअरिंग. पाच ठिकाणं आहेत, पण चित्र एकच आहे : दाबणे. शाई लावलेल्या खिळ्यांवर कागद दाबायचे म्हणून छापखाना प्रेस झाला, छापखान्यातून पेपर निघतो म्हणून पत्रकारही प्रेस झाले. मधला दुवा सापडला की पाच अर्थ पाठ करावे लागत नाहीत. एक चित्र लक्षात ठेवायचं आणि आपण कुठं उभे आहोत ते बघायचं.

दुसरी तऱ्हा नुसत्या नामसाम्याची. गावात दोन दत्तू असतात, दोघांचं एकमेकांशी नातं नसतं. तुझी 'फाइल' तशी आहे. लोखंड घासायची कानस म्हणजे जुनाच इंग्रजी शब्द. कागदाची फाइल आली ती लॅटिनमधल्या दोऱ्याच्या शब्दावरून, कारण आधी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत. भद्रकालीत जुन्या किराणा दुकानात अजून बघायला मिळतं : गल्ल्याजवळ लाकडी ठोकळ्यावर उभी तार, आणि तिच्यात खुपसलेल्या पिवळ्या पडलेल्या बिलांची चवड. ती खरी फाइल. दोन्ही शब्द वेगवेगळ्या गावांहून चालत आले आणि स्पेलिंगमध्ये एकमेकांना भेटले. तिथं तू एका अर्थातून दुसरा काढायला गेलास तर डोकं फुटेल, कारण काढण्यासारखं काही नाहीच. आतले आटे पाडायच्या टॅपबरोबर तुम्ही 'डाय' वापरता, त्याचंही तेच. बाहेरचे आटे पाडायचा डाय फ्रेंचांच्या फाशावरून आला, मरणं हा शब्द उत्तरेकडच्या लोकांचा. दत्तू दोन.

आणि तुझ्या बाकावरचा बेंच व्हाइस. हा माझा सगळ्यांत लाडका. डिक्शनरीत 'व्हाइस' काढ, तीन दत्तू निघतील. एक दुर्गुण. एक उपाध्यक्षातला 'उप', म्हणजे कुणाच्या तरी जागी बसणारा. दोन्ही लॅटिनमधून, पण वेगळ्या शब्दांवरून. तिसरा तुझा, जॉब धरणारा. तो आला फ्रेंच भाषेतल्या स्क्रूच्या शब्दावरून, आणि फ्रेंचांनी तो शब्द घेतला लॅटिनमधल्या 'वितिस' वरून. वितिस म्हणजे द्राक्षाचा वेल.

तू बागेतला आहेस, तुला यापुढं मी काय सांगायचं. वेलाची बाळी तारेला धरते आणि गोल गोल वळसे घेत स्प्रिंगसारखी घट्ट होत जाते, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. घड जिरून त्याची बाळी झाली की वडिलांचा चेहरा कसा उतरतो तेही पाहिलं असशील. कुणीतरी जुन्या काळी स्क्रूचे वळसे बघितले आणि त्याला तीच बाळी आठवली. म्हणून स्क्रूला वेलाचं नाव पडलं, आणि स्क्रूनं आवळणाऱ्या हत्याराला स्क्रूचं. उद्या व्हाइसचा दांडा फिरवताना आतला जाड आट्यांचा स्क्रू बघ. अमेरिकेत या हत्याराच्या स्पेलिंगमध्ये 'सी'च्या जागी 'एस' लिहितात, म्हणजे तिथं निदान हा दत्तू बाकी दोघांपासून वेगळा ओळखू येतो.

इंग्रजी शब्द परके वाटतात तेव्हा मुलांना मी अजून एक गोष्ट सांगायची, आपल्या देवळालीची. १८६१ साली इंग्रजांनी देवळालीला फौजेची छावणी केली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं थांबायचे. जहाजं हिवाळ्यातच सुटायची, त्यामुळं काहींना महिनोन् महिने नुसतं बसून काढावे लागत. उन्हानं, तापानं, रिकामपणानं माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागायची. त्या अवस्थेला शिपायांनी नाव दिलं 'डूलॅली टॅप'. डूलॅली म्हणजे देवळालीच, गोऱ्यांच्या तोंडात बसली तशी. आजही इंग्लंडात डोकं फिरलेल्या माणसाला डूलॅली म्हणतात. आणि टॅप? डिक्शनरीत नळ मिळेल, हलकी टपली मिळेल, आटे पाडायचा तुमचा टॅप मिळेल, फोन चोरून ऐकणंही मिळेल. यातला एकही इथं बसत नाही. हा टॅप म्हणजे आपला ताप आहे. जोडीतला पहिला शब्द देवळालीचा आहे हे ज्याला कळलं, त्यालाच दुसरा कळतो.

यावरून जोडशब्दांकडं येते, कारण कंपनीत तुला सुटे शब्द कमी आणि जोड्या जास्त भेटणार आहेत. दहावीला समास शिकलास. तेव्हा मार्कांसाठी शिकलास, आता तो कामाला येईल. आपल्या तत्पुरुष समासात महत्त्व शेवटच्या पदाला असतं. राजवाडा हा वाडा आहे. इंग्रजी जोडशब्दही बहुतेक तसेच, मागून वाचायचे. बेंच वर्क हे काम आहे, बाकावर बसून हातानं करायचं. वर्क बेंच हे बाक आहे, काम करायचं. टॅप ड्रिल हे ड्रिल आहे, टॅप मारायच्या आधी चालवायचं. एम-१० चा, म्हणजे दहा मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा आटा पाडायचा तर भोक साडेआठचं लागतं, त्या मापाचं ड्रिल म्हणजे टॅप ड्रिल. शेवटचा शब्द पकडलास की निदान वस्तू कोणती ते कळतं. दहाचं ड्रिल हातात घेऊन आटेच न पडल्याचा अनुभव यायच्या आधी एवढं कळलं तरी पुष्कळ.

पण दोन शब्दांमधलं नातं मात्र जोडशब्द कधीच सांगत नाही. तेही आपल्याकडं आहेच. साखरभात म्हणजे साखर घातलेला भात. साखर कारखाना साखर घातलेला नसतो, साखर करणारा असतो. आणि साखरपुड्यात तर लग्न ठरलेलं असतं. मधलं पद गाळलेलं असतं आणि आपण ते मनात भरतो. वॉटर पंप पाणी खेचतो. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचा असतो. नोटेतला वॉटरमार्क पाण्याचा डाग नसतो. वडील सुट्टीच्या दिवशी दहाची नोट खिडकीपाशी उजेडात धरून दाखवायचे, कोऱ्या जागेत हळूहळू चित्र उगवायचं. कागद ओला लगदा असतानाच कुठं जाड, कुठं पातळ केला की तसं होतं, आणि ते प्रेसमध्ये कागद येण्याच्या आधीच झालेलं असतं. तीन ठिकाणी 'वॉटर' एकच, नाती तीन. हे नियमानं सुटत नाही. वस्तू बघावी लागते, नाहीतर विचारावं लागतं. तू कंपनीत आहेस, वस्तू समोर आहे. वर्गात बसून ही जोडी पाठ करणाऱ्या मुलापेक्षा तुझी सोय जास्त आहे.

बोलताना एक बारीक गोष्ट ऐकत जा. ग्रीन हाउस असं दोन शब्दांवर सारखा भार देऊन म्हटलं तर हिरव्या रंगाचं घर. 'ग्रीन'वर जोर देऊन एका दमात म्हटलं तर रोपं वाढवायचं काचेचं घर, आपल्याकडच्या पॉलिहाउसचा भाऊ. जोड पक्की झाली की आवाजाचा भार पहिल्या शब्दावर जातो, हे इंग्रजीत पुष्कळदा खरं ठरतं. 'सेट अप' करणं ही क्रिया, तिथं जोर मागं. मशीनचा 'सेटअप' ही तयार झालेली मांडणी, तिथं जोर पुढं. साहेबांचं बोलणं या कानानं ऐक.

राहिलं पुस्तक पाठ करायचं. ते करू नकोस. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश वीस खंडांचा आहे. त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद तुझ्या 'सेट'चीच होती, ४३० अर्थांची. पुढं नवी आवृत्ती तयार करताना 'रन' या क्रियापदानं त्याला मागं टाकलं, ६४५ अर्थ. त्या एका शब्दावर संपादकाचे नऊ महिने गेले. हे सगळे अर्थ पाठ असणारा माणूस लंडनातही नाही. रोज वीस शब्दांच्या हिशेबानं तू ज्या डोंगराला भिडला आहेस तो कुणीच चढत नाही, तिथली माणसंसुद्धा पायथ्याच्या आपल्या वाडीपुरतीच हिंडतात.

खिशातली डिक्शनरी शब्दाला दोन-तीन प्रतिशब्द देऊन गप्प बसते. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी काढलेली डिक्शनरी घे, जिच्यात प्रत्येक अर्थाला एक पूर्ण वाक्य असतं. जुनी मिळाली तरी चालेल, हे शब्द शिळे होत नाहीत. तिच्यात अर्थ आधी वाचायचा नाही. वाक्यं वाचायची, आणि तुझ्या चिठ्ठीतल्या वाक्यासारखं कोणतं दिसतं ते शोधायचं. शेजारचे शब्द जुळले की अर्थ आपोआप हाताला येतो.

आणि वही कर. दोनशे पानी, साधी. तिच्यात एकटा शब्द लिहायचा नाही, हा एकच नियम कडक पाळ. 'प्ले' लिहायचं नाही, 'बेअरिंगमध्ये प्ले' लिहायचं. 'टॉलरन्स' लिहिलंस तर पुढं सहनशीलता येईल आणि तू परत अडकशील. 'बोअरला इतका टॉलरन्स' लिहिलंस तर कळेल की भोकाच्या मापातली किती चूक सहन होईल ते विचारलंय. समोर वर्कशॉपमधले जुने लोक त्याला काय म्हणतात ते लिही. आटे, कानस, गुण्या, ओळंबा असे शब्द त्यांच्या तोंडात अजून आहेत, तेही त्याच ओळीत येऊ देत. कुठं ऐकलं ते लिही : ड्रॉइंगवर, चिठ्ठीत, की साहेबांच्या तोंडून. दिवसाला दोन ओळी पुरेत, पण त्या तुझ्या मशीनवरच्या असू देत.

तुझं पत्र मी परत एकदा वाचलं, तेव्हा एक गोष्ट खटकली. कॅन्टीनबद्दल लिहिलंस, डिक्शनरीबद्दल लिहिलंस, आईबद्दल लिहिलंस. 'सी मी टुमॉरो' लिहिणाऱ्या साहेबांना तू भेटलास की नाही, ते कुठंच नाही. मला वाटतं, लाजेनं टाळलंस. अजून वेळ गेलेली नाही. ज्या माणसानं रिजेक्ट झालेल्या तुकड्याबरोबर कारणही लिहून ठेवलं, त्याला तुला शिकवायचं होतं. नाहीतर त्यानं नुसती लाल खडूनं फुलीची खूण केली असती.

जाताना ती चिठ्ठी घेऊन जा. 'मला इंग्रजी येत नाही' असं म्हणू नकोस. विचार, 'सर, प्ले किती चालतो? रन-आउटची लिमिट किती?' हिंदीत विचार, कसंही विचार, पण आकडा विचार. तुमच्या धंद्यात या शब्दांचा शेवटचा अर्थ आकड्यात असतो, आणि आकड्याला मराठी माध्यम आड येत नाही. मग त्यांच्यासमोरच सेंटर हातानं हलवून बघ, किती खेळतोय ते. जॉब परत लाव, डायल गेज टेकव, चक हातानं सावकाश एक फेरा फिरव, आणि काटा किती घरं हलला ते त्यांना तूच सांग.